मुद्देमाल क्रमांक एक

कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या वर लेण्यांची वाट जिथं डावीकडं वळते, तिथून उजवीकडं अर्धा तास चढलं की उंबरवाडी लागते. वाडीत एकतीस घरं, दोन उंबर आणि एक नळ. घरं आणि उंबर जुने असून नळ यंदाच्या फेब्रुवारीत बसवण्यात आला. नळ पितळी होता. नळामागं पाइप होता, पाइपामागं टाकी होती आणि टाकीत चक्क पाणी होतं. या चार वस्तू एकाच दिवशी एकाच जागी हजर असल्याचं तालुक्यात कुणाच्या आठवणीत नव्हतं. आता राहिलं होतं ते फक्त नळाची चावी फिरवणं. ती पाहुण्यांनी फिरवायची असते आणि पाहुण्यांनी त्याआधी भाषण करायचं असतं. सगळा घोटाळा तिथं झाला.

नळाची वाट सगळी वाडीच बघत होती, पण गोदूबाईसारखी कुणी नाही. गोदूबाई साठीची, अंगानं काटक, तोंडानं त्याहून काटक. तिची सून पारू हिला सहावा महिना लागला होता. मागच्या सालीही पारूला दिवस होते. तेव्हा खालच्या ओढ्याच्या वाळूत खणलेल्या डवऱ्यावरून दोन हंडे घेऊन चढताना ती घसरली, पडली आणि पोटातलं गेलं. त्या दिवसापासून गोदूबाईनं सुनेला हंड्याला बोट लावू दिलं नव्हतं. रोजच्या तीन खेपा ती एकटी करायची, आणि तिचा उजवा गुडघा तर चार वर्षांपासून वाकत नव्हता. त्यामुळं ती झुलत चालायची. डावा पाय टाकायची, उजवा ओढायची, तोंडानं "आई गं" म्हणायची आणि पुढं जायची. पोर जन्माला येईल तेव्हा दारात पाणी असेल, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

नळ सोडायला मनोजशेठ आले. मनोजशेठ हे भावी आमदार. गेली पंधरा वर्षं लोधिवलीपासून शिळफाट्यापर्यंतच्या प्रत्येक फलकावर ते भावी आमदार आहेत, आणि या पदावरून त्यांना आजवर कुणीही हटवू शकलेलं नाही. अंगावर पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी, पुढं भरदार पोट. माणूस मनानं वाईट नव्हता, पण माइक हातात आला की त्यांचं स्वतःवर चालायचं नाही.

"नळ आला, आनंदच हाय," शेठ म्हणाले. "पन एक वाईट वाटतं. आता आमच्या वाडीच्या बायांचा डौल जानार! डोक्यावर तीन हंडे घेऊन काय झोकात चालतात! मुंबईच्या मॉडेलला पन जमायचं नाय!"

गोदूबाईच्या गुडघ्यातून कळ गेली आणि तिला संताप आला. आता उंबरवाडीत अशा वेळी काय करायचं, याची रीत ठरलेली आहे. लग्नात दोन्हीकडच्या बाया एकमेकींना भर मांडवात टोमणे मारतात. ज्याला टोमणा बसला त्यानं तिथंच उलटा मारायचा. मग ज्यानं सुरुवात केली त्यानं दुसऱ्याच्या हातचं ओंजळभर पाणी प्यायचं, की मिटलं. घरी नेऊन कुढायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी उकरून काढायचं नाही.

गोदूबाई रीतीप्रमाणे उठली आणि पदर खोचून म्हणाली, "शेट, मग घ्या की तुमीपन तीन हंडे! आमाला तीनच जमतात. तुमाला चवथा ठेवायला फुडं पोटावर जागा हाय!"

सगळी वाडी फुटली. म्हातारे खोकेपर्यंत हसले. शेठही हसले, पोट धरून हसले. "जिंकलीस, बाय!" म्हणाले आणि रीत ठाऊक असल्यासारखी दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. गोदूबाईनं तांब्या घेतला आणि ती नळाकडं वळली. त्याच तांब्यात नळाचं पहिलं पाणी पडायचं होतं. तिचा हात चावीवर पडणार तेवढ्यात मागून कुणीतरी बोंबललं, "निषेध! निषेध! कुणी कशाला हात लावू नका!"

हा माणूस कमलेशदादांचा होता. कमलेशदादा हे तालुक्याचे दुसरे भावी आमदार. त्यांचा एक माणूस मनोजशेठच्या प्रत्येक भाषणाला पुढच्या रांगेत मोबाइल धरून बसतो, आणि शेठचा एक माणूस दादांच्या भाषणाला बसतो. दोघंही इतकं मन लावून ऐकतात की तालुक्यात भाषणं नीट ऐकणारी माणसं म्हणून या दोघांचाच उल्लेख करावा लागेल.

त्या माणसानं शेठचं बोलणं तेवढं कापून पाठवलं. चित्रफीत अकरा सेकंदांची होती. गोदूबाईचं उत्तर बाराव्या सेकंदाला सुरू होत असल्यामुळं ते राहिलं. गोंधळात शेठ चावी न फिरवताच खाली उतरले, आणि पाहुण्यांवाचून नळ सोडायची कुणाची छाती होईना.

संध्याकाळपर्यंत तालुका पेटला. शिळफाट्यावर रास्ता रोको झाला. लोधिवलीत मूक मोर्चा निघाला आणि त्याला चार कर्णे लावले होते. कमलेशदादा गहिवरून म्हणाले, "माझ्या डोंगरातल्या माताभगिनींचा हा अपमान मी सहन करणार नाही." दादा उंबरवाडीला आजवर एकदाही आले नव्हते, पण अपमान झाल्यावर जागा सापडते. तिसऱ्या दिवशी ते चाळीस बायांचा जथा घेऊन वर आले. निषेध म्हणून प्रत्येकीच्या डोक्यावर एक रिकामा हंडा होता. हंडे त्याच सकाळी बाजारातून घेतलेले, दुकानाची चिकटपट्टी तशीच होती. चढताना सात हंडे दरीत गेले आणि एकीची मान लचकली.

"मावशी," दादा गोदूबाईला म्हणाले, "आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत. बाया उन्हातून आल्यात. जरा पाणी मिळेल का?"

चाळीस बायांचं पाणी झालं, मग चहा झाला. गोदूबाईच्या त्या दिवशी पाच खेपा झाल्या.

आता हे प्रकरण तालुका वक्तव्य संनियंत्रण समितीकडं गेलं. कुणी काय बोलावं, किती बोलावं आणि त्यावरून कुणी किती चिडावं यात सुसूत्रता आणण्यासाठी ही समिती नेमलेली आहे. तिच्या सचिव हर्षलामॅडम. त्या अतिशय प्रामाणिक होत्या आणि नियमाबाहेर कधी श्वाससुद्धा घेत नसत. अशा माणसाशी गाठ पडली की सामान्य माणसाचं काही खरं नाही. त्या पंचनाम्याला स्वतः चढून आल्या, उंबराखाली खुर्ची मांडून बसल्या आणि त्यांनी प्रपत्र काढलं.

"भावना दुखावल्याचा पंचनामा," त्या म्हणाल्या. "भातपिकाच्या नुकसानीला लावतो तेच निकष. तेहतीस टक्क्यांच्या वर दुखावली असेल तर धरता येते. गोदूबाई, तुमची भावना साधारण किती दुखावली?"

"मला राग आलावता, बाई," गोदूबाई म्हणाली. "मी तितंच बोलले. शेट हसला. मिटलं होतं. पानी प्यायचा तेवढा राहिला."

"म्हणजे नुकसान झालं आणि जागेवरच भरून निघालं?"

"हां. तसंच."

मॅडमनी प्रपत्र वरून खाली आणि खालून वर पाहिलं. "तसा रकाना नाही," त्या म्हणाल्या. "अंशतः दुखावली की पूर्णतः, एवढंच आहे."

"मग लिवा काय ते. नळ कदी सोडताय?"

मॅडमची नजर नळावर गेली. वक्तव्य नळाशेजारी उभं राहून झालं होतं. वक्तव्याचा विषय नळ होता. वक्तव्य झालं तेव्हा शेठचा डावा हात नळावर होता, हे चित्रफितीत स्पष्ट दिसत होतं. तासाभरात नळाला पांढरं फडकं गुंडाळून लाख लावण्यात आली आणि यादी झाली. मुद्देमाल क्रमांक एक, नळ, पितळी, न उघडलेला. क्रमांक दोन, तांब्या, रिकामा. क्रमांक तीन, झेंडूचा हार, सुकत असलेला.

"अवो, पन पानी!" गोदूबाई ओरडली. "टाकी भरलीय! माजी सून पोटुशी हाय!"

"पाण्यावर आमचा काही आक्षेप नाही," मॅडम समजुतीनं म्हणाल्या. "पाणी टाकीत सुरक्षित आहे. फक्त ते नळातून यायला नको."

गोदूबाईचा मुलगा गजा खाली फार्महाऊसवर माळीकाम करायचा. तो रात्री घरी आल्यावर आईनं कोयता काढला. "मी तोडते ती लाख. काय करतील ते करतील."

गजानं कोयता धरला. "आये, खुळी का काय तू? सरकारी लाख हाय ती. तुला नेतील, नायतर मला नेतील. पारूच्या येळेला घरात कोन मग?"

पारू दाराशी बसून ऐकत होती. "आत्या, मी जाते ना हळूहळू एक खेप," ती म्हणाली.

"तू उठलीस ना तर तंगडं मोडीन!" गोदूबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. कोयता तिनं परत आढ्याला खोचला.

मुद्देमालाच्या रक्षणासाठी रोहिदास नावाचा होमगार्ड नेमला गेला. तो सकाळी यायचा आणि नळासमोर स्टूल टाकून बसायचा. डोक्यावर मार्चचं ऊन. अकरा वाजले की तो खजील चेहऱ्यानं गोदूबाईच्या दारात यायचा. "मावशी, घोटभर पानी हाय का गं?" नळ राखणाऱ्या माणसाला पाणी पाजण्यासाठी गोदूबाईची रोजची चौथी खेप सुरू झाली.

इकडं मनोजशेठचे लोक स्वस्थ बसले नव्हते. त्यांना चित्रफितीचा बारावा सेकंद सापडला. त्यात एका महिलेनं भावी आमदारांच्या पोटाविषयी जाहीर शेरा मारल्याचं ऐकू येत होतं. खोपोलीत सभा झाली. वक्ते म्हणाले, हे पोट साधं पोट नाही. हे तालुक्यातल्या प्रत्येक बारशाला, प्रत्येक बाराव्याला आणि प्रत्येक सत्यनारायणाला जेवून जनसेवेत कमावलेलं पोट आहे. हा एका पोटाचा अपमान नसून सबंध मतदारसंघाच्या पाहुणचाराचा अपमान आहे. लोक इतके चिडले की सभेनंतरच्या जेवणाला दोन पंगती जास्त बसवाव्या लागल्या. मग त्यांचाही जथा उंबरवाडीत निषेधाला आला. गोदूबाईच्या दारासमोर तासभर "गोदूबाई माफी मागा" अशा घोषणा झाल्या. उन्हात घोषणा देऊन घसा सुकतो, त्यामुळं त्यांनीही गोदूबाईकडंच पाणी मागितलं. तिनं दिलं. दारात आलेल्याला पाणी नाही म्हणायचं ही वाडीची रीत नाही, आणि या रीतीचा सगळ्या पक्षांना सारखाच उपयोग झाला. त्या दिवशी आठ खेपा.

आता प्रकरणाला दोन बाजू झाल्या. समितीनं दोन्ही बाजूंना नोटीस काढली. शेठला वक्तव्याबद्दल, गोदूबाईला प्रतिवक्तव्याबद्दल. तिला आणखी एक वेगळी नोटीस होती: हजारो लोकांच्या भावना तिच्यासाठी दुखावलेल्या असताना तिनं स्वतःची भावना दुखावून न घेता त्या हजारो लोकांचा अवमान का केला, याचा खुलासा करावा.

नोटीस रोहिदासनं वाचून दाखवली. गोदूबाई पायाला तेल चोळत होती.

"म्हंजे मी रडले नाय म्हनून?"

"तसंच दिसतं, मावशी."

"रडले की रं. लाख लावली त्या राती रडले."

"तेव्हा पंच नव्हते ना," रोहिदास म्हणाला. "ते धरत नाहीत."

पुढची खबरदारी म्हणून उंबरवाडी हे 'संवेदनशील संभाषण क्षेत्र' म्हणून जाहीर झालं. त्याच महिन्यात वाडीतल्या छायाचं लग्न होतं. मांडवात मारायचे टोमणे समितीकडं आठ दिवस आधी तीन प्रतींत सादर करावेत, असं पत्र आलं. बायांना लिहिता येत नव्हतं, म्हणून गजानं लिहून काढले. एकंदर सेहेचाळीस टोमणे गेले. त्यात नवऱ्याच्या नाकावर अकरा, सासूच्या कंजूषपणावर चौदा आणि उरलेले किरकोळ होते. समितीनं छाननी करून एक मंजूर केला. "आपण कसे आहात?" त्यावर वराकडच्यांनी "बरे आहोत" असं उत्तर द्यावं, असंही सुचवलं होतं. त्या लग्नात बाया तोंडाला पदर लावून बसल्या. नवऱ्याच्या आजीला वाटलं, मुलीकडचे रागावले आहेत. ती जेवलीच नाही. वाडीच्या इतिहासात कुणाचाही अपमान न होता लागलेलं हे पहिलं लग्न, आणि दोन्ही घरं त्यानंतर एकमेकांशी बोलत नाहीत.

एप्रिलमध्ये सुनावणी लागली. गोदूबाई गुडघ्याला फडकं बांधून कोंडाण्यापर्यंत उतरली आणि तिथून टमटमनं कर्जतला आली. समितीच्या कचेरीत ती पहिल्यांदाच येत होती. व्हरांड्यात पाहते तर मनोजशेठ आणि कमलेशदादा एकाच बाकावर बसून एकाच कागदातली भजी खात होते.

"या मावशी, या!" दादा सरकून जागा करत म्हणाले. "भजी घ्या."

"तुमी भांडला नाय का रं एकमेकांशी?" गोदूबाईनं विचारलं.

"भांडतोय की," शेठ म्हणाले. "साडेअकराला आहे. अजून अवकाश आहे."

साडेअकराला दोघांनी तोंडं पुसली, आत गेले आणि टेबलावर मुठी आपटून भांडले. भांडण संपल्यावर गोदूबाई उभी राहिली. तिनं दोन्ही हात जोडले.

"बाई, माजं ऐका. आमच्या वाडीत हे असं मिटवायची रीत हाय. शेट बोलला, मी बोलले. आता त्यानं माज्या हातचं पानी पिलं की झालं. मग कुनाचं कुनावर काय राहत नाय. शेट, पिनार का?"

"आता पितो!" शेठ खरंच उठून उभे राहिले.

हर्षलामॅडमचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना समेटाचा नियम लावता येणार होता. त्यांनी पुस्तक उघडलं. "स्थानिक रूढीनुसार समेट ग्राह्य आहे," त्या म्हणाल्या. "मात्र रूढी तंतोतंत पाळली पाहिजे. त्या दिवशी कोणतं पाणी प्यायचं होतं?"

"नळाचं."

"मग नळाचंच लागेल. नळ मुद्देमाल आहे. मुद्देमाल प्रकरण मिटल्यावरच सोडता येतो."

"मग मिटवा की!"

"पाणी प्यायल्यावर मिटेल."

गोदूबाई टेबलाकडं सरकली. मग तिनं मॅडमच्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, शेठच्या ओंजळीत धार धरली आणि म्हणाली, "पी." शेठ प्यायले. मॅडमनी टिपणात लिहिलं की पक्षकारांनी कार्यालयाचं पाणी वापरून समेटाचा बनावट प्रयत्न केला, सबब तो दुर्लक्षित करण्यात येत आहे.

शेवटी दोन्ही नेत्यांनीच मार्ग काढला. माफी. मे महिन्याच्या सुरुवातीला शिळफाट्याला मांडव घालून माफीचा सोहळा झाला. मनोजशेठनी तालुक्यातल्या तमाम माताभगिनींची माफी मागितली. कमलेशदादांनी तमाम माताभगिनींच्या वतीनं ती स्वीकारली. एका माताभगिनीला प्रत्यक्ष बोलावलं होतं, ती गोदूबाई. तिला माइक देण्यात आला आणि हातात मंजूर मजकूर देण्यात आला, पण तिला वाचता येत नव्हतं.

"शेट," ती म्हणाली, "तुमच्या पोटाची मी माफी मागते. त्याला बरं वाटू दे. आता माजा नळ द्या."

टाळ्या पडल्या. कुणीतरी फटाके लावले. मांडवातल्या माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, कारण आपण एवढे दिवस चिडलो त्याचं काहीतरी झालं असं सगळ्यांना वाटत होतं. लोकांनी मोबाइलवर 'लढा यशस्वी' असं लिहिलं आणि दुपारपर्यंत ते गुजरातेत कुणीतरी काहीतरी बोललं होतं त्यावर चिडू लागले.

चार दिवसांनी हर्षलामॅडमचा आदेश घेऊन रोहिदास वर आला. बरोबर करवत घेतलेला एक माणूस होता. गोदूबाई अंगणात पळतच आली, म्हणजे तिच्या गुडघ्याला जमेल तशी.

"आला का रं आदेश? सोडतोस नळ?"

रोहिदास तिच्याकडं बघेना. त्यानं कागदावर डोळे ठेवून वाचलं. "प्रकरण निकाली निघाल्यामुळं मुद्देमाल क्रमांक एक ते तीन नियमानुसार नष्ट करण्यात यावेत."

"म्हंजे?"

"मावशी, म्हंजे नळ कापायचा हाय."

"मेल्या, तू तीन महिनं माजं पानी पिलास रं!"

"पिलो," रोहिदास म्हणाला. "म्हनून तर मी सोता आलो. दुसरा कुनी आला असता तर तुला शिव्या पन देऊन गेला असता."

करवतीला दहा मिनिटं लागली. पाइपाला बूच मारलं. कापताना फटीतून थोडं पाणी आलं, दोनएक लोटे असेल. ते मातीत गेलं. हार केव्हाच सुकून गेला होता, त्याचा दोरा पंचांसमक्ष जाळला. तांब्या दगडानं चेपला. नवीन नळासाठी नवा प्रस्ताव करावा, असं आदेशाच्या तळाशी लिहिलं होतं, आणि त्यासोबत उद्घाटनाचं भाषण तीन प्रतींत जोडावं.

त्यानंतर आठवड्यानं पारू बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट, आणि तिनं आल्या आल्या असा गळा काढला की गोदूबाई म्हणाली, "आजीवर गेली!" पारूचा पाय सबंध नऊ महिने डवऱ्याच्या वाटेला लागला नव्हता. तेवढं गोदूबाईनं राखलं.

पाचवीच्या दिवशी बाळबाळंतिणीची न्हाणी, लुगडी धुणं, वर पाहुण्यांचं जेवण. डवरा आटत आलेला. वाटीवाटीनं पाणी भरावं लागत होतं. गोदूबाई पहाटेपासून खेपा करत होती. डोक्यावर तीन हंडे, डावा पाय टाकायचा, उजवा ओढायचा, "आई गं" म्हणायचं. सहाव्या खेपेला लेण्यांच्या वाटेवर तिला शहरातून आलेली पाचसहा तरुण माणसं भेटली. पाठीवर पिशव्या, पायांत भारी बूट. त्यातल्या प्रिया नावाच्या मुलीनं गोदूबाईला पाहिलं आणि ती जागीच थांबली. मोबाइल काढून गोदूबाई वळणाआड जाईपर्यंत ती चित्रण करत राहिली.

प्रिया चांगली मुलगी. फेब्रुवारीत मनोजशेठचं बोलणं ऐकून तिला रात्रभर झोप लागली नव्हती, आणि तिनं त्यांच्या निषेधाच्या पत्रकावर सही केली होती. तिनं गोदूबाईच्या चालीला बासरीचं संगीत लावलं, "आई गं" तेवढं काढून टाकलं आणि खाली लिहिलं, 'सह्याद्रीचं खरं सौंदर्य! डोक्यावर तीन हंडे आणि काय तो डौल! मुंबईच्या मॉडेलला जमेल का?'

दोन दिवसांनी गजानं ते आईला दाखवलं. गोदूबाई पाय पसरून, नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मोबाइल लांब धरून बघितला.

"ही कोन रं म्हातारी? किती लंगडते."

"आये, तूच हायस. लोकांना लय आवडलंय. दोन लाख मानसांनी बदाम पाठवलेत."

"बदाम? कुठं हायत?"

"खरे नाय. मोबाइलमदले."

"आनि पानी?"

गजा बदाम देणाऱ्यांच्या नावांत गुंतला होता. तो यादी वर सरकवत होता. मनोजशेठनी बदाम दिला होता, कमलेशदादांनी दोनदा दिला होता. हर्षलामॅडमनी आपल्या खाजगी खात्यावरून दिला होता आणि पुढं नमस्काराचे हातही जोडले होते. शिळफाट्याला रस्त्यावर झोपलेले सगळे होते, खोपोलीच्या सभेतले सगळे होते. समितीकडं एकही तक्रार आली नाही, कारण कुणालाच त्यात बोचण्यासारखं काही आढळलं नाही.

गोदूबाईनं नातीला पारूच्या कुशीत ठेवलं, भिंतीला धरून उठली आणि चुंबळ डोक्यावर ठेवली. संध्याकाळची खेप राहिली होती. गजा अजून यादीच वाचत होता. यादी फार लांब होती आणि बरीचशी नावं त्याच्या ओळखीची नव्हती. तुमच्या ओळखीची असतील. मे महिन्यात तुम्हीही एक छान चित्रफीत पाहिली होती, बासरीची, थकवा घालवणारी. लाल बदाम दाबताना तुम्ही ती आवाज वाढवून पुन्हा एकदा लावली होती.